नव्या गाडीचं ‘रनिंग’ म्हणजे नेमकं काय? पहिल्या हजार किलोमीटरला इंजिनमध्ये काय घडतं?

शोरूममधून नवी गाडी निघते. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. गाडी घरी पोहोचायच्या आत स्टेटस पडलेलं असतं आणि ‘अभिनंदन भावा’च्या पाठोपाठ सल्ले सुरू होतात.

‘हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नको.’

‘असं काही नसतं. पहिल्याच दिवशी ताणून घे, नाहीतर गाडी कायमची मंद राहील.’

‘पहिल्या सर्व्हिसला ऑइल कशाला बदलायचं? नवंच तर असतं.’

‘मी तर तीनशेलाच बदललं होतं.’

सल्ला देणारे सगळे आपलेच असतात आणि प्रत्येकाची गाडी व्यवस्थित चाललेली असते. पण हे चारही सल्ले एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. मग ऐकायचं कोणाचं? त्यासाठी आधी इंजिनच्या आत काय चाललंय ते बघावं लागेल. ते एकदा कळलं की कुठला सल्ला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

मुरब्यात हा विषय महत्त्वाचा का आहे?

मुरबे हे पालघर तालुक्यातलं समुद्रकाठचं, मच्छीमारांचं गाव. खाडीच्या पलीकडे सातपाटी दिसते. कामधंद्यासाठी बोईसर आणि तारापूर एमआयडीसी, सरकारी कामासाठी पालघर. रेल्वे पकडायची तरी बोईसर किंवा पालघर गाठावं लागतं.

अशा ठिकाणी १०० किंवा १२५ सीसीची गाडी हौस म्हणून कमी आणि गरज म्हणून जास्त घेतली जाते. एमआयडीसीतली शिफ्ट रिक्षाच्या भरवशावर गाठता येत नाही. कोणाला पहाटे मासळीची पेटी घेऊन बाजार गाठायचा असतो, कोणाला मुलीला कॉलेजसाठी स्टेशनवर सोडायचं असतं. गाडी बहुतेक वेळा कर्जावर असते आणि हप्ते दोन-तीन वर्षं चालतात.

म्हणजे गाडी पहिल्याच आठवड्यापासून कामाला जुंपली जाते, तीही डबल सीट आणि सामानासकट. दोन वर्षांत गाडी निळा धूर मारायला लागली आणि इंजिनचं काम काढावं लागलं, तर काही हजारांचा खर्च होतोच, शिवाय गाडी गॅरेजमध्ये असेल तितक्या दिवसांची ये-जाही अडते. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून पहिल्या महिन्यातली थोडी काळजी इथे परवडते.

सिलिंडर आतून गुळगुळीत नसतो

आपल्याकडे सगळ्यात ओळखीचं छोटं इंजिन म्हणजे स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी आहे आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर, ४९.५ मिमी. वाटीएवढ्या या जागेत सगळा खेळ चालतो.

आपल्याला वाटतं की सिलिंडर आतून आरशासारखा चकचकीत असेल. तसा तो नसतो, आणि मुद्दाम तसा ठेवलेला नसतो. कारखान्यात त्याच्या आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा मारतात. एकमेकींना छेदणाऱ्या या रेघांची जाळी तयार होते. या कामाला होनिंग म्हणतात. या रेघांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टन भिंतीवर कोरडा घासत नाही.

पिस्टनभोवती रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगा पेटलेला वायू खाली गळू देत नाहीत. खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. रिंगा आणि भिंत एकमेकींना जितक्या नीट टेकतील तितकं कॉम्प्रेशन चांगलं, ॲव्हरेज चांगला आणि ऑइलचा खप कमी.

पण नवी रिंग आणि नवी भिंत एकमेकींना शंभर टक्के टेकत नाहीत. दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. सुरुवातीच्या तासांत हे उंचवटे हळूहळू घासून बसतात आणि रिंगेचा आकार त्याच सिलिंडरच्या भिंतीशी जुळतो. नवी चप्पल पायाच्या आकाराला बसते, तसंच. मेकॅनिक याला ‘रिंगा बसल्या’ किंवा ‘इंजिन मोकळं झालं’ म्हणतात. रनिंग ते हेच.

हे घासणं किती होतं त्याचा हिशोब करून बघा. इंजिन मिनिटाला ४००० फेरे मारतंय असं धरू. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे मिनिटाला ८००० वेळा ४९.५ मिमी. हे झाले ३९६ मीटर. तासाभरात रिंगा भिंतीवर जवळपास २४ किलोमीटर घासून निघतात. सरासरी ४० च्या वेगाने हजार किलोमीटर व्हायला २५ तास लागतात. तेवढ्यात रिंगांचा सिलिंडरच्या आतला प्रवास ६०० किलोमीटरच्या आसपास होतो, आणि तोही ४९.५ मिमीच्या जागेत.

मग हळू का, आणि किती हळू?

इथे उष्णतेचा मुद्दा येतो. घासण्याने उष्णता तयार होते आणि नव्या इंजिनमध्ये घर्षण जास्त असतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि अशा छोट्या इंजिनांत सिलिंडरची आतली बाही बहुधा बिडाची असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्यामुळे इंजिन अति तापलं की पिस्टन आणि भिंतीमधली बारीक फट आणखी कमी होते. ऑइलचा थर तुटतो, धातू धातूवर घासतो आणि भिंतीवर उभे ओरखडे पडतात. ते पुन्हा भरून येत नाहीत. जास्तच झालं तर पिस्टन चिकटतो, म्हणजे गाडी जाम होते.

छोट्या गाड्या बहुतेक एअर कूल्ड असतात. समोरून येणारी हवा हाच त्यांचा रेडिएटर. म्हणून गाडी उभी करून रेस करत राहणं हे नव्या इंजिनसाठी वाईट. उष्णता तयार होते आणि ती काढून नेणारी हवा मात्र नसते.

पण याचा अर्थ ‘जितकं हळू तितकं चांगलं’ असा होत नाही. इथेच बरेच जण चुकतात.

रिंगा भिंतीला टेकतात त्या फक्त स्वतःच्या ताणामुळे नाही. पेट्रोल पेटल्यावर जो दाब तयार होतो, तो रिंगेच्या मागे जाऊन तिला बाहेर, भिंतीकडे ढकलतो. इंजिनवर अजिबात भार नसेल तर हा दाबही कमी राहतो. मग उंचवटे नीट घासत नाहीत, भिंतीवर राहिलेलं ऑइल जळून त्याचा चिकट, चकचकीत थर होनिंगच्या रेघांत भरतो आणि त्या रेघा बुजतात. भिंत गुळगुळीत झाली की रिंगा नीट बसत नाहीत आणि गाडी कायमची थोडं थोडं ऑइल खात राहते.

म्हणजे नव्या इंजिनला भार हवा, पण मध्यम. आणि तो सतत बदलता हवा. थोडा वेग घ्या, थोडा सोडा. थ्रॉटल उघडलं की रिंगा भिंतीला दाबल्या जातात, सोडलं की दाब उतरतो, भिंतीवर ऑइल पोहोचतं आणि जागा थंड होते. नव्या इंजिनला असंच चालवलेलं मानवतं.

वेगाचा आकडा पुरेसा का नाही?

‘चाळीसच्या वर नको’ या सल्ल्यात गिअरचा उल्लेखच नसतो. दुसऱ्या गिअरमध्ये चाळीस म्हणजे इंजिन ओरडतंय. चौथ्या गिअरमध्ये चाळीस म्हणजे निवांत चाललंय. चौथ्या गिअरमध्ये पंचवीसने, डबल सीट, चढावर? तिथे वेग कमी असूनही इंजिनचे हाल चाललेत.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा आहे. गाडी हळू चाललीय म्हणून आपल्याला वाटतं आपण जपून चालवतोय. पण मोठ्या गिअरमध्ये कमी वेगात थ्रॉटल पिळलं की गाडी धडधडते, ओढत नाही, पिस्टनवर मोठे धक्के बसतात. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा घाटात हे हमखास होतं. चढ लागला की वेग पडतो आणि चालवणारा गिअर खाली घेण्याऐवजी थ्रॉटल आणखी पिळतो. अशा वेळी सरळ तिसऱ्यात या, गरज पडली तर दुसऱ्यात. इंजिनचा आवाज थोडा वाढेल, पण ते मोकळं फिरेल.

म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा तीन गोष्टी लक्षात ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडायचं नाही. मोठ्या गिअरमध्ये गाडी रडवायची नाही. आणि एकाच वेगात फार वेळ चालवायचं नाही.

‘चाळीसच्या वर नको’ हे आलं कुठून?

हा सल्ला खोटा नाही, जुना आहे. आपल्या आधीच्या पिढीने राजदूत, येझदी आणि बजाजच्या स्कूटर चालवल्या. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांत फोर-स्ट्रोकसारखं पिस्टनला सतत ऑइल पुरवणारं चेंबर नसायचं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि तेच पिस्टनला वंगण म्हणून पुरायचं. मिश्रण कमी-जास्त झालं किंवा नवी गाडी लांब पल्ल्यावर ताणली, तर पिस्टन चिकटायचा. त्यात स्कूटर हाती यायला लोक काही वर्षं वाट बघायचे. इतक्या वाटेने आलेली गाडी जपलीच जायची. घरातले काका-मामा आज जे सांगतात ते त्या अनुभवातून सांगतात.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि छोटं फोर-स्ट्रोक इंजिन घराघरांत पोहोचायला सुरुवात झाली. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तशा टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांतही कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. मशीनची अचूकता वाढली, रिंगा सुधारल्या, ऑइल सुधारलं. आज होनिंगही असं करतात की वरचे टोकदार उंचवटे कारखान्यातच बरेच कमी झालेले असतात.

म्हणून रनिंगचं काम संपलेलं नाही, पण पूर्वीइतकं नाजूकही राहिलेलं नाही. कंपन्यांच्या पुस्तिकांत हाच फरक दिसतो. होंडाच्या पुस्तिका साधारण पहिल्या ५०० किमीसाठी जपून चालवायला सांगतात. बजाजच्या अनेक मॉडेलच्या पुस्तिकांत पहिल्या १००० आणि पुढच्या १००० किमीसाठी गिअरनुसार वेगाचं कोष्टक दिलेलं असतं. काही कंपन्या वेगाऐवजी थ्रॉटल किती उघडायचं ते सांगतात. इंजिन वेगळं, सावधगिरीचं प्रमाण वेगळं. तुमच्या गाडीसाठी शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या पुस्तिकेचा. ती डिकीत किंवा सीटखाली प्लॅस्टिकमध्ये पडलेली असते. एकदा बाहेर काढा.

आणि ‘पहिल्याच दिवशी ताणा’?

रीलमध्ये हा सल्ला फार फिरतो. यातही एक खरा धागा आहे. वर बघितलं तसं रिंगा बसायला दाब लागतो, आणि बरंचसं काम सुरुवातीच्याच काळात होतं. फार मऊ चालवणंही बरं नाही, इथपर्यंत ही मंडळी बरोबर आहेत.

पण हा विचार आला रेसिंगच्या दुनियेतून. तिथलं इंजिन काही शर्यतींनंतर उघडायचंच असतं. आपल्याला तेच इंजिन दहा वर्षं न उघडता वापरायचं असतं. शिवाय नव्या गाडीत फक्त रिंगाच नव्या नसतात. कॅम, रॉकर, गिअरचे दाते, क्लचच्या प्लेटा, बेअरिंग, सगळंच एकमेकांना जुळवून घेत असतं. पूर्ण थ्रॉटलने रिंगांचा फायदा होईल असं धरलं, तरी बाकीच्यांवरचा ताण वाढतोच. आणि टायर नवे असताना बोईसरच्या रस्त्यावर फुल थ्रॉटल म्हणजे इंजिनच्या आधी माणूस रनिंगमधून बाहेर जायचा.

आणखी एक गोष्ट. पुस्तिकेच्या विरुद्ध चालवून पुढे इंजिनमध्ये बिघाड झाला आणि वॉरंटीवरून वाद निघाला, तर रील बनवणारा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

मुरबे ते बोईसर: हा रस्ता रनिंगसाठी चांगला आहे

गंमत म्हणजे ज्या रस्त्याला आपण रोज शिव्या घालतो, तो नव्या इंजिनला मानवतो. गावातली वळणं, स्पीड ब्रेकर, मध्येच मोकळा पट्टा, मग नाक्यावरची गर्दी. थ्रॉटल आपोआप कमी-जास्त होतं, गिअर बदलत राहतात. एकच वेग धरून बसायला हा रस्ता देतच नाही.

पुस्तिकेतले आकडे हाताशी ठेवून, साधारण असं चालवा.

• सुरू करताना: बटन मारल्या मारल्या रेस करू नका. अर्धा-एक मिनिट स्लोवर राहू द्या, म्हणजे ऑइल वर कॅमपर्यंत पोहोचतं. त्यानंतर निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हाताने चालवा. अंगणात दहा मिनिटं चालू ठेवून तापवायची गरज नाही.

• पहिले १०० ते १५० किमी: थ्रॉटल तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. शक्यतो एकट्यानेच चालवा. तास-सव्वा तास सलग चालवली तर पाच-दहा मिनिटं थांबा.

• १५० ते ५०० किमी: थ्रॉटल अर्ध्यापर्यंत. मोकळ्या पट्ट्यात वेग हळूहळू वाढवा आणि थ्रॉटल सोडून गिअरमध्येच हळूहळू उतरू द्या. असं अधूनमधून करत राहा.

• ५०० ते १००० किमी: इंजिन तापलेलं असताना थोडा वेळ पाऊण थ्रॉटल चालेल. मात्र वर जाऊन तिथेच धरून ठेवू नका.

• १००० किमीनंतर: पुस्तिका आणखी सांभाळायला सांगत नसेल तर रोजच्यासारखी चालवा.

आता सगळ्यात मोठा प्रश्न: नवी गाडी घेऊन महालक्ष्मीला जायचं की नाही?

गाडी घेतली की पहिलं दर्शन डहाणूच्या महालक्ष्मीचं, ही आपल्याकडची रीत. कोणी विरारच्या जीवदानीला जातं. जायला हरकत नाही. अडचण देवळाची नाही, हायवेची आहे. मुंबई-अहमदाबाद हायवेला लागलं की रस्ता सरळ, मागून ट्रकचा रेटा, आणि १०० सीसीची गाडी अर्धा तास सलग सत्तर-ऐंशीवर पळत राहते. मागे बायको, मध्ये मूल. एकच वेग, जास्त भार, सतत उष्णता. जे टाळायचं ते सगळं एका फेरीत.

दोन मार्ग आहेत. पहिल्या सर्व्हिसनंतर जा, तोपर्यंत गावातल्या देवळात नारळ फोडा. किंवा मुहूर्त आताचाच असेल तर डाव्या बाजूने, वेग कमी-जास्त करत जा, मध्ये चहाला थांबा आणि कुटुंबाला दुसऱ्या वाहनाने येऊ द्या.

डबल सीट आणि मासळीची पेटी

‘पहिले हजार किलोमीटर कोणाला बसवू नका’ असं सांगणं सोपं आहे. पण गाडी ज्या कामासाठी घेतली ते काम महिनाभर थांबत नाही. म्हणून शक्य तितकं करा.

१०० ते १२५ सीसीच्या गाड्यांची वजनाची मर्यादा बहुधा १३० किलोच्या आसपास असते. त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान सगळं आलं. दोन मोठी माणसं बसली की ही मर्यादा जवळपास संपते. बर्फ घातलेली मासळीची पेटी आणि मागे माणूस हे नव्या गाडीवर एकाच वेळी नको. दोन फेऱ्या करा किंवा पहिले काही दिवस पेटी टेम्पोत टाका.

भार घ्यावाच लागला तर एक गिअर खाली राहा, क्लच अर्धवट दाबून गाडी ओढू नका आणि उठाव हळू घ्या. भाराने इंजिन लगेच खराब होत नाही. भार, मोठा गिअर आणि पिळलेलं थ्रॉटल हे तिन्ही एकत्र आले की खराब होतं.

पहिलं ऑइल: इथे कंजुसी नको

रिंगा आणि भिंत घासली तर तो धातू गेला कुठे? ऑइलमध्ये. गिअरचे दाते आणि क्लचच्या प्लेटांचा चुराही त्यातच, कारण छोट्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल असतं. पहिल्या सर्व्हिसला काढलेलं ऑइल उन्हात धरून बघा. बऱ्याचदा त्यात चंदेरी झाक दिसते. ती बघून घाबरू नका, रनिंग चालू असल्याची ती खूण आहे. पण हा चुरा आत फिरत ठेवायचा नसतो.

स्प्लेंडरच्या घराण्यातल्या इंजिनांत कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक धातूची जाळी असते आणि एक फिरता गाळ, जो चुरा बाहेरच्या कडेला फेकून अडकवतो. बाकीची सफाई ऑइल बदलल्यावरच होते. म्हणून ‘नवंच तर आहे’ हे पहिल्या ऑइलला लागू होत नाही. सगळ्यात जास्त कचरा त्याच ऑइलमध्ये असतो.

कधी बदलायचं? बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस ५०० ते १००० किमीच्या दरम्यान असते, किंवा ठरावीक दिवसांत, यांपैकी जे आधी होईल ते. रोज येऊन-जाऊन २५ ते ३० किमी धरले तर महिनाभरात ७५० किमी होतात. कूपनवरची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. सर्व्हिस फुकट असली तरी ऑइलचे पैसे बहुधा द्यावे लागतात. ते वाचवायला जाऊ नका.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाका आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ आहे का बघा. हे ऑइल ओल्या क्लचसाठी असतं. कारचं ऑइल चांगलं असलं तरी त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी मोटारसायकलचा क्लच घसरू शकतो. नव्या इंजिनमध्ये वरून ॲडिटिव्ह ओतायची गरज नाही. रिंगा बसायला थोडं घासणं आपल्याला हवंच आहे.

फक्त इंजिनच नवं नसतं

• टायर: नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले १०० किमी वळणावर गाडी फार झुकवू नका. गावात रस्त्यावर वाळू आणि पावसात चिखल असतो, तिथे जास्तच सांभाळा.

• ब्रेक: लायनर आणि पॅड बसायला काही दिवस लागतात. तोपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून किमान कॉम्बी ब्रेक सक्तीचा आहे. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. जुन्या गाडीवरून आलेल्यांनी त्याची सवय करून घ्या.

• चेन: नवी चेन सुरुवातीला ढिली पडते. पहिल्या सर्व्हिसला ताण बघायला सांगा. खाऱ्या हवेत आणि मासळीच्या पाण्यात चेन लवकर गंजते, म्हणून धुतल्यावर ऑइल लावा.

• नट-बोल्ट: पहिल्या काही शे किलोमीटरच्या हादऱ्यांनी काही ढिले होतात. आरसा, नंबर प्लेट, सायलेन्सर, स्टँड हात लावून बघा.

रनिंग नीट झालं की नाही हे कसं ओळखायचं?

नव्या गाडीचा ॲव्हरेज पहिल्या दिवशी कमी वाटतो. घर्षण जास्त असल्याने ते साहजिक आहे. रिंगा बसल्या की तो सुधारतो, इंजिनचा आवाज मऊ होतो आणि गिअर कमी अडतात. सुरुवातीला सायलेन्सर तापून थोडा जळका वास येणंही नेहमीचं. कारखान्यात लावलेला थर जळतो.

काळजी कशाची करायची? हजार-दीड हजार किलोमीटरनंतरही निळसर धूर येत असेल तर. दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइलची पातळी ठळक खाली येत असेल तर. गाडी तापल्यावर ओढत नसेल किंवा आतून धातूचा खडखडाट येत असेल तर. यांपैकी काहीही दिसलं तर वॉरंटीत असताना सर्व्हिस सेंटरला दाखवा आणि तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या. ‘चालवत राहा, बसेल’ एवढं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. पुढे कधी वॉरंटीचा प्रश्न आला तर तो कागदच कामी येतो.

ऑइलची पातळी बघायला मेकॅनिक लागत नाही. सपाट जागेवर गाडी मेन स्टँडला उभी करा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा. पट्टी काढा, पुसा, घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. पट्टी आटे लावून बघायची की नुसती ठेवून, हे गाडीनुसार बदलतं, तेवढं पुस्तिकेत बघा. आठवड्यातून एकदा, कामावर जायच्या आधी, पाच-सात मिनिटांचं काम.

आता वरच्या चार सल्ल्यांकडे परत या. चाळीसचा आकडा जुना, पण घाई नको हे बरोबर. ताणून घ्या हे चूक, पण फार मऊ चालवू नका हे बरोबर. ऑइल बदलू नका हे सरळ चूक. तीनशेला बदललं तर नुकसान काही नाही, मात्र कंपनीची ठरलेली पहिली सर्व्हिस त्यामुळे चुकवायची नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नुकतीच गाडी घेतली असेल तर हार-पेढ्यांच्या फोटोखाली हा लेख टाका. आणि पहिली सर्व्हिस कधी आहे, ते विचारा.